पाऊस थांबला, आता पूर मोजा: बडोद्यातल्या सोसायटीने आपली पूरतपासणी कशी करावी

२०२४च्या ऑगस्टमध्ये, गोकुळाष्टमीच्या त्या पावसानंतर जरा उघडीप मिळाली तेव्हा आमच्या सोसायटीत सगळ्यांनी खराटे काढले. पोर्चमधलं पाणी बाहेर लोटलं, पायपुसणी पिळून कठड्यावर टाकली, पुलावर नेऊन लावलेल्या गाड्या परत खाली आणल्या. "सुटलो बाबा," म्हणत चहा झाला. आणि मग गटाराच्या जाळीतून बुडबुडे यायला लागले. आभाळातून थेंब नाही आणि खालून पाणी वर. संध्याकाळपर्यंत तळमजल्यावरचे पलंग पाण्याखाली गेले आणि पुढे दोन दिवस ते पाणी हललं नाही. त्या गाड्यांचं काय झालं ते सांगायला नकोच.

त्यानंतरच्या हिवाळ्यात आम्ही पाच-सहा जणांनी मिळून सोसायटीची पूरतपासणी केली. आमच्यात इंजिनिअर एकच, तोही निवृत्त. बाकी एक शाळेतल्या बाई, एक औषधांच्या दुकानवाले, कॉलेजातली दोन पोरं आणि मी. कामाला चार रविवार लागले. ते कसं केलं आणि कुठे चुकलो, हे इथे लिहितो आहे. आमची वस्ती अकोटा आणि मुजमहुडा यांच्या मधली, पण सयाजीगंज, फतेहगंज, समा, हरणी, वडसर, कुठेही हीच पद्धत चालेल. मांडवीच्या आतल्या पोळांतही, म्हणजे जुन्या शहरातल्या दाट वस्तीच्या गल्ल्यांतही, चालेल, फक्त तिथे पाणी वेगळं असतं. सुरुवात तिथूनच करायची.

तुमच्याकडे कुठलं पाणी येतं?

बडोद्याला तीन पाण्यांचा त्रास आहे. आपण तिन्हींना सरसकट "पाणी भरलं" म्हणतो आणि घोळ इथेच होतो.

पहिलं आभाळाचं. तासाभरात दोन-तीन इंच कोसळला की दांडियाबाजार, रावपुऱ्यात गुडघाभर पाणी होतं. गटारं तुंबलेली नसतील तर तीन-चार तासांत ते उतरतं. हे पाणी पावसाबरोबर येतं आणि पावसाबरोबर जातं.

दुसरं कांसाचं. पावसाचं पाणी नदीपर्यंत नेणारे नाले, म्हणजे आपल्या भाषेत वरसादी कांस: भूखी, मसिया, रूपारेल आणि असे बरेच. त्यांच्या काठावर बांधकामं झाली, काहींवर स्लॅब पडला, काहींत कचरा. कांसाचं पाणी एखाद्याच रांगेतल्या घरांना धरतं आणि पलीकडच्या रांगेला पत्ताही लागत नाही.

तिसरं विश्वामित्रीचं, आणि खरं संकट ते. ही नदी पावागडच्या डोंगरात उगम पावते, वाटेत आजव्याच्या सयाजी सरोवराचं आणि प्रतापपुरा तलावाचं पाणी घेते, शहराच्या मधून वळणं घेत जाते आणि पुढे ढाढर नदीला मिळून खंभातच्या आखाताकडे जाते. उतार फार कमी आहे. खाली ढाढर भरून वाहत असली की विश्वामित्रीला निचराच मिळत नाही. म्हणून शहरात ऊन पडलेलं असतानाही नदी चढत राहते, कारण पावागडच्या बाजूला कोसळलेला पाऊस आणि आजव्याचं जास्तीचं पाणी अजून वाटेत असतं. नदी फुगली की कांसांची तोंडं तिच्या पाण्याखाली जातात आणि कांस उलटे वाहू लागतात. आमच्या जाळीतून बुडबुडे आले ते असे.

आजवा आपल्याला पाणी पाजणारा. तिसऱ्या सयाजीराव महाराजांनी तो बांधून घेतला, १८९२पासून शहर त्याचं पाणी पितं. पण तो मुळात साठवणीचा तलाव आहे, पूर अडवून धरण्यासाठी बांधलेला नाही, हे डोक्यात पक्कं असू द्या. "आजव्यात थांबवलं असतं तर" असं दर पुरानंतर कट्ट्यावर ऐकू येतं. मातीच्या धरणात एका मर्यादेपलीकडे पाणी थांबवणं म्हणजे धरणच धोक्यात घालणं.

तर पहिल्या रविवारी एवढंच करायचं. प्रत्येक घराला तीन प्रश्न. पाणी पाऊस चालू असताना आलं की थांबल्यावर? रस्त्यावरून आलं की जाळीतून, कमोडमधून? किती तास राहिलं? उत्तरं आली की घराच्या नंबरापुढे लिहा: आभाळ, कांस किंवा नदी. काही घरांपुढे दोन शब्द येतील. आमच्याकडे बत्तीस घरांपैकी चार घरं फक्त कांसवाली निघाली. त्यांना आम्ही इतकी वर्षं नदीकाठचीच समजत होतो, आणि त्यांचा उपाय अगदी वेगळा व अगदी स्वस्त होता.

भिंतीवरची रेघ आणि गवंड्याची नळी

पुराची सगळ्यात खरी नोंद भिंतीवर असते: मीटरच्या पेटीमागे, जिन्याखाली, वॉचमनच्या खोलीत, कपाट सरकवलं की त्याच्या मागे. मातकट, पिवळसर, बोटभर जाडीची रेघ. माणसं खोटं बोलत नाहीत, पण आठवणीत पूर वाढतो. कमरेएवढं होतं म्हणणाऱ्याची स्वतःची उंची विचारावी लागते. रेघेला तसं काही विचारावं लागत नाही.

पण नुसती टेप लावून फरशीपासून उंची मोजलीत तर फसाल. प्रत्येक घराचं जोतं वेगळं. आमच्याकडे एका घरात रेघ दोन फुटांवर आणि शेजारी सव्वातीनवर. पाणी तर एकच होतं. म्हणून सगळ्या खुणा एका पातळीवर आणाव्या लागतात. त्यासाठी कुठलंही महागडं यंत्र नको, गवंड्याकडे असते ती लेव्हलची पारदर्शक नळी पुरते. दहा-बारा मीटरची घ्या.

नळीत पाणी भरा, रंग दिसायला चिमूटभर हळद किंवा निळीचा थेंब. दोन्ही तोंडं वर धरून नळीत बुडबुडा राहिलेला नाही हे बघा. हे फार महत्त्वाचं. आमचा अख्खा एक दिवस एका बुडबुड्याने वाया घालवला. सगळी मापं तीन-चार इंचांनी चुकली आणि निवृत्त इंजिनिअरकाकांनी आम्हाला पुन्हा पहिल्या घरापासून सुरू करायला लावलं. आता एक तोंड देवळाच्या पायरीसारख्या न हलणाऱ्या जागी धरा. ती तुमची शून्य खूण. दुसरं तोंड पुढच्या घराच्या भिंतीला लावा. पाणी स्थिर झालं की दोन्हीकडची रेघ एकाच पातळीवर असते. तिथे पेन्सिलीने खूण करा आणि त्या खुणेपासून त्या घराची फरशी किती खाली, पुराची रेघ किती वर, मीटरची पेटी किती वर, हे टेपने मोजा. मग तीच खूण पुढच्या घराला द्या. असं करत सोसायटीभर फिरा आणि शेवटी परत देवळाशी या. परत आल्यावर फरक अर्ध्या इंचाच्या आत असेल तर काम नीट झालं.

यातून आम्हाला जे कळलं ते कुणाच्या स्वप्नात नव्हतं. फाटकाजवळचा, दिसायला सगळ्यात उंच बंगला प्रत्यक्षात रस्त्याच्या नऊ इंच खाली निघाला. कारण रस्ता. दर काही वर्षांनी जुना थर न खरवडता वर नवीन डांबर टाकलं जातं. रस्ता वर चढत जातो, घर तिथेच राहतं. ते घर बांधलं तेव्हा फाटकातून तीन पायऱ्या चढाव्या लागायच्या, आता एक उतरावी लागते.

२०१९, २०१४ आणि २००५च्या खुणाही जमतील तेवढ्या गोळा करा. जुन्या फोटोंत तारीख असते, ती बघा. आजोबा-आजींना १९२७चा महापूर त्यांच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेला असेल तर तेही लिहून घ्या, पण मापात धरू नका.

काळ्या घोड्याचा आकडा आपल्या फाटकावर आणा

बडोद्यात पावसाळ्यात दोन आकडे सगळ्यांच्या तोंडी असतात. आजवा किती आणि काळा घोडा किती, म्हणजे काळ्या घोड्याच्या पुलाशी विश्वामित्रीची पातळी फुटांत. २६ फूट ही धोक्याची पातळी. २०१९च्या पुरात नदी ३४ फुटांच्या वर गेली, २०२४मध्ये ३५च्याही वर.

हे आकडे फोनवर येतात आणि आपण फक्त घाबरतो. २६चा अर्थ शहरासाठी आहे. तुमच्या घरासाठी तो काहीच नसेल, किंवा तोवर फार उशीर झालेला असेल. म्हणून दुसऱ्या रविवारचं काम असं: मागच्या पुरातले सोसायटीतले फोटो आणि व्हॉट्सॲपवरचे निरोप वेळेनुसार लावा. "जाळीतून पाणी येतंय", "लिफ्ट बंद करा", "कुणाकडे दूध आहे का", प्रत्येक निरोपाला वेळ असते. त्याच वेळी काळ्या घोड्याची पातळी काय होती ते त्या दिवसांच्या बातम्यांतून, ग्रुपवर फिरलेल्या निरोपांतून शोधा आणि शेजारी लिहा. चार-पाच ओळींचं कोष्टक तयार होईल. समजा असं: काळा घोडा २७ झाला की मागचा कांस काठोकाठ, २९ला पहिल्या जाळीतून पाणी, ३१ला रस्ता बंद, ३२ला मीटरच्या पेट्या. तुमचे आकडे तुमचेच असतील, शेजारच्या सोसायटीचे चालणार नाहीत.

त्याच कोष्टकात आणखी एक रकाना हवा: तास. एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर जायला किती तास लागले. पूर मोजताना सगळे फूट मोजतात, मीही मोजत होतो. पण आजी-आजोबांना खाली उतरवून सुरक्षित घरी न्यायला, गाडी हलवायला, टाकी भरून ठेवायला तासच लागतात, फूट नव्हे. पहिल्या जाळीपासून रस्ता बंद होईपर्यंत तुमच्या हातात पाच तास असतील तर तुमची सोसायटी बरीच नशीबवान. दोनच असतील, आणि ते रात्री दोन ते चार असतील, तर सगळी आखणी त्या दोन तासांभोवती करावी लागेल.

एक सावधगिरी. २०२५च्या पावसाळ्याआधी विश्वामित्रीतला गाळ काढणं आणि पात्र रुंद करणं हे काम मोठ्या प्रमाणावर झालं. पात्र बदललं की जुना हिशेबही बदलतो. त्यामुळे प्रत्येक पावसाळ्यात, पूर न येताही, नदी २० फुटांच्या वर गेली की कांसाकाठी कुणीतरी जाऊन पाणी कुठवर आहे ते बघून वहीत लिहायचं. आमच्याकडे हे काम कॉलेजातल्या पोराकडे आहे. कांसाच्या भिंतीवर त्याने ऑइलपेंटने फुटांच्या रेघा मारल्यात. तिथे वाकून बघायला मात्र मनाई, वरूनच बघायचं, आणि अंधारात अजिबात नाही. कारण पुढे येईलच.

पावसाचं साधं गणित

आभाळाच्या पाण्याचा हिशेब घरबसल्या होतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. सोसायटीची जागा समजा ५,००० चौरस मीटर आणि तासात ५० मिमी, म्हणजे दोन इंच पाऊस. एकूण अडीच लाख लिटर झालं. सगळीकडे पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीट असेल तर त्यातलं सव्वादोन लाखांच्या आसपास वाहून निघणार. तीच जागा माती-हिरवळीची असती तर वाहणारं पाणी एक लाखाच्याही आत राहिलं असतं. दहा हजार लिटरचे टँकर डोळ्यांसमोर आणा: एकीकडे बावीस-तेवीस टँकर, दुसरीकडे सात-आठ.

आता गटार. एक फूट व्यासाचा पाइप साफ असेल आणि उतार बरा असेल तर तासाला दोन-अडीच लाख लिटर नेतो. म्हणजे कागदावर आपलं भागलं. पण अर्धा गाळाने भरलेला असेल तर निम्म्याहून कमी, आणि त्याचं पलीकडचं तोंड नदीच्या पाण्याखाली गेलं असेल तर शून्य. म्हणून पाइप मोठा करा म्हणून खर्च करण्याआधी तो सुटतो कुठे आणि ते तोंड किती खाली आहे ते जाऊन बघा. आमच्या सभेत मोठ्या पाइपसाठी वर्गणीचा ठराव जवळजवळ पास झाला होता. तोंड बघून आल्यावर मागे घेतला. मोठ्या पाइपातून नदीचंच पाणी जास्त जोरात आत आलं असतं.

किती पावसाची तयारी करायची?

बडोद्यात वर्षाला साधारण ९०० मिमी पाऊस पडतो. ३१ जुलै २०१९ला त्यातला निम्म्याहून जास्त, जवळजवळ ५०० मिमी, एकाच दिवसात पडला. हवामान खातं २४ तासांत २०४.४ मिमीच्या वर गेलं की त्याला अत्यंत मुसळधार म्हणतं, ती सर्वात वरची पायरी. आपण तिच्या दुपटीहून पुढे गेलो होतो.

हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं. त्यामुळे वर्षाची सरासरी फारशी न हलताही पाऊस मोजक्या दिवसांत दाटून पडतो, आणि मधले आठवडे कोरडे जातात. पण सगळं हवामानाच्या माथी मारू नका. नदीकाठची कोतरं, म्हणजे घळी, जी पुराचं पाणी मुकाट्याने पोटात घ्यायची, ती भर घालून सपाट कुणी केली? माणसांनीच. आमची सोसायटीही अशाच एका भर घातलेल्या कोतरावर उभी असावी, असा काकांचा संशय आहे. खड्डा खणला की तीन फुटांवर विटांचे तुकडे लागतात.

आखणीसाठी आम्ही साधा नियम केला: आतापर्यंतची सगळ्यात वरची रेघ अधिक दीड फूट. त्या पातळीच्या खाली विजेचं, कागदपत्रांचं, औषधांचं काहीही राहता कामा नये. "शंभर वर्षांत एकदा येणारा पूर" असे शब्द ऐकले की लोक निश्चिंत होतात. पण त्याचा अर्थ दर वर्षी शंभरात एक शक्यता. पुढच्याच वर्षी परत येऊ नये असं त्यात काही नाही, आणि पाऊस बदलत असेल तर ती एक शक्यताही एक राहत नाही.

घर नव्हे, माणूस मोजा

तिसरा रविवार सगळ्यात अवघड. घरोघर जाऊन विचारायचं. पुरुषांना विचारलं तर ते गाडीचं आणि इन्व्हर्टरचं सांगतात. बायकांना विचारा, भाडेकरूंना विचारा, वॉचमनला आणि घरकामाच्या मावशींनाही.

सुरुवातीला आम्ही प्रत्येक घराला गुण दिले: पाणी किती येतं याला दहापैकी, माणसं किती नाजूक याला दहापैकी, सावरण्याची ताकद किती याला दहापैकी, आणि सरासरी काढली. रंगीत तक्ता झाला. दिसायला छान आणि पूर्ण निरुपयोगी. सरासरीत माणूस गायब होतो. दोन घरं सांगतो.

एक तळमजल्यावरचा बंगला. पाणी चार फूट. आत नवरा-बायको, पंचेचाळिशीतले, धडधाकट. गाडी, विमा, वाघोडिया रोडला भाऊ. तक्त्यात लालभडक.

दुसरं घर दुसऱ्या मजल्यावर. घरात पाणी शून्य. एकटे राहणारे एक काका, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. तक्त्यात हिरवं.

२०२४ला दोन दिवस रस्ता बंद होता. बंगल्यातले पहिल्याच तासात भावाकडे गेले आणि फर्निचर गेलं म्हणून हळहळले. काकांची पाळी चुकली. त्यांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवून बाहेर काढलं, तेही शेजारच्या मुलाला ऐनवेळी आठवलं म्हणून. तेव्हापासून आम्ही गुण देणं सोडलं. त्याऐवजी प्रत्येक घरासाठी एकच प्रश्न: वीज, रस्ता आणि नळ तिन्ही ७२ तास बंद राहिले तर या घरात सगळ्यात आधी काय मोडेल? उत्तर एका ओळीत लिहायचं. "इन्सुलिन थंड ठेवायला काही नाही." "आठ महिन्यांची गरोदर." "आजींना जिना उतरवत नाही." "ऑक्सिजनचं मशीन विजेवर." "दुकानाचा सगळा माल तळघरात." बत्तीस ओळी झाल्या. तीच आमची खरी यादी.

यात सोसायटीबाहेरची माणसंही धरा. आमच्याकडे येणाऱ्या दोन मावशी परशुराम भठ्ठ्यात राहतात. आमच्या दारात पाणी यायच्या कितीतरी आधी त्यांच्या घरात असतं. २०२४ला चौथ्या दिवशी त्या आमची घरं धुवायला आल्या तेव्हा त्यांच्या स्वतःच्या घरात चूल पेटलेली नव्हती. आता वरच्या मजल्यावरची सभागृहाची खोली त्यांच्या कुटुंबांसाठीही उघडी राहील असं ठरलं आहे. ठराव एकमताने झाला नाही, हेही सांगून टाकतो.

कोण कुणाला नेणार

लवचिकता, सक्षमता वगैरे मोठे शब्द बाजूला ठेवा. आपल्याकडे त्याची उत्तम परीक्षा दर भाद्रपदात होते. दहा दिवस गणपती बसवणाऱ्या मंडळाकडे वर्गणीची यादी असते, मांडवाचे बांबू, जनरेटरवाल्याचा नंबर, मोठी पातेली, ध्वनिक्षेपक आणि रात्री जागणारी पोरं असतात. पुराला लागतं ते सगळं हेच. आणि बडोद्यातला पूर कधीकधी येतोही गणपतीच्या आसपासच. २०२४ला पुरानंतर जेमतेम दहा दिवसांत, ७ सप्टेंबरला गणपती होते.

म्हणून वेगळी समिती काढू नका. मंडळालाच काम द्या. प्रत्येक तळमजल्याच्या घराची वरच्या मजल्यावरच्या एका घराशी जोडी लावा, आणि ज्यांची जोडी लावली त्यांना एकमेकांकडे एकदा जेवायला पाठवा. हे गमतीत लिहीत नाही. अनोळखी घरात रात्री दोन वाजता आजी जात नाहीत, "मी इथेच बरी" म्हणतात. ज्या घरी पूर्वी पुरणपोळी खाल्ली आहे तिथे जातात. उचलून न्यावं लागणाऱ्या प्रत्येक माणसापुढे दोन नावं लिहा, एक नाही. पहिला माणूस नेमका गावाला गेलेला असतो.

मग कोष्टकातल्या आकड्यांना कामं जोडा. तुमचा रस्ता बंद होण्याच्या पातळीच्या चार फूट आधी गाड्या उंचावर, टाक्या भरलेल्या, फोन चार्ज. तीन फूट आधी यादीतली नाजूक माणसं जोडीच्या घरी. दोन फूट आधी लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद, तळमजल्याचा मेन स्विच खाली. यात चर्चा नको, आकडा आला की काम सुरू. "बघू अजून तासभर" हे वाक्य बोलण्याची परवानगी कुणालाही नाही, अध्यक्षांनाही.

फोनमध्ये जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, रुग्णवाहिका १०८ आणि आणीबाणी ११२ आधीच साठवा, आणि कागदावर लिहून जिन्यात चिकटवा. चार्जिंग संपलेल्या फोनमधला नंबर कुणाच्या कामाचा नाही. इशाऱ्यांसाठी सरकारचं 'सचेत' ॲप आहे, ते प्रत्येकाच्या फोनवर टाकून द्या.

आणि मगरी. विश्वामित्रीत शेकडो मगरी आहेत आणि पुरात त्या नदीबरोबर सोसायट्यांत येतात. गढूळ पाण्यात त्या दिसत नाहीत. पाण्यातून चालणं टाळा, चालावंच लागलं तर काठीने पुढचं चाचपत, उजेडात, दोघांनी मिळून. पाणी ओसरल्यावर बंद गॅरेज, पाण्याच्या टाकीचा खड्डा, झुडपं यांत आधी दुरून बॅटरी मारा. दिसली तर वनखात्याला कळवा, दगड मारू नका आणि व्हिडिओसाठी जवळ तर मुळीच जाऊ नका. कायद्याने ती संरक्षित प्राणी आहे, आणि खरं सांगायचं तर नदी तिचीच आहे.

पैसा आधी कुठे घालावा

चौथ्या रविवारी खर्चाची यादी केली. क्रम आमचा असा लागला.

विजेच्या मीटरच्या पेट्या वर घेणं. वीज कंपनीकडे अर्ज करावा लागतो, आपल्या आपण हात लावायचा नाही. त्याबरोबर तळमजल्याचं आणि वरचं वायरिंग वेगळं करून घेणं, म्हणजे खाली बंद केलं तरी वरची घरं अंधारात राहत नाहीत. सगळ्यात जास्त फायदा याचाच.

मग कांसवाल्या त्या चार घरांच्या गटारलाइनवर एनआरव्ही, म्हणजे पाणी बाहेर जाऊ देणारा पण उलटं आत येऊ न देणारा व्हॉल्व्ह. प्लंबर सहज बसवतो. वर्षातून दोनदा उघडून साफ करावा लागतो, नाहीतर झडप कचऱ्याने उघडीच राहते. मोठ्या पुरात भिंतीवरूनच पाणी आलं तर याचा उपयोग नाही, पण कांसाच्या रोजच्या त्रासाला तो पुरतो. ज्यांना तेही जमत नसेल त्यांनी कमोडमध्ये आणि मोरीच्या जाळीवर वाळूची पिशवी दाबून ठेवावी. हसू येतं, पण घरात येणारी घाण थांबते.

नंतर पेव्हर ब्लॉकचा एक पट्टा उखडून माती मोकळी करणं. पार्किंगवाल्यांचा विरोध झाला. शेवटी निम्मा पट्टा मिळाला. गाडीच्या विम्यात इंजिन संरक्षणाचा जोड घ्या. पाण्यात बुडालेली गाडी स्टार्ट करून बघायची नाही, ती उचलूनच न्यायची. इंजिनात पाणी गेलेलं असताना चावी फिरवली की खर्च कैक पटींनी वाढतो आणि विमा कंपनीशी भांडण लागतं ते वेगळं.

पाणी ओसरल्यावरचा आठवडा

आधी फोटो, मग सफाई. पंचनाम्याला आणि विम्याला भिंतीवरची रेघ व भिजलेलं सामान दोन्ही दिसायला हवं.

जमिनीखालची टाकी पूर्ण उपसून, घासून, पुन्हा भरल्याशिवाय वापरू नका. भरल्यावर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर एका बादलीत कालवून, खाली बसू देऊन, वरचं नितळ पाणी टाकीत ओता आणि तासभर थांबा. पिण्याचं पाणी तरीही उकळूनच. चिखलात काम करताना गमबूट आणि हातमोजे हवेत. पायाला जखम असेल तर अजिबात उतरू नका. पुराच्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. आठवड्या-दोन आठवड्यांत ताप आणि पोटऱ्या दुखायला लागल्या तर डॉक्टरांना "पुराच्या पाण्यात होतो" हे आवर्जून सांगा.

वीज चालू करण्याआधी इलेक्ट्रिशियनने बोर्ड उघडून बघितला पाहिजे. कोरडा दिसणारा स्विच आतून ओला असतो.

आणि रंगारी बोलावायची घाई करू नका. आमच्याकडे २०१९नंतर दिवाळीच्या आधी सगळ्यांनी भिंती रंगवून घेतल्या आणि त्या पुराची एकही रेघ उरली नाही. शेवटी एकाच घरी सापडली, देव्हाऱ्यामागे, कारण तिथे रंगाऱ्याला हात घालू दिला नव्हता. आता नियम आहे: पाणी उतरलं की पहिल्या दोन दिवसांत नळी आणि टेप घेऊन इंजिनिअरकाका आणि कॉलेजातली ती दोन पोरं घरोघर जातात, रेघेवर खिळ्याने बारीक खाच मारतात, शेजारी तारीख कोरतात आणि वहीत मांडतात. रंगारी त्यानंतर.